भाड्याची खोली, भिंतीतली वायर आणि मालकाची जबाबदारी

वारंगा फाट्यावर खोली बघायला आलेला माणूस ठरावीक गोष्टी विचारतो. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी कधी येतं, लाईट बिल भाड्यातच का वेगळं. अर्थिंग आहे का, हे कुणी विचारत नाही. मालकही आपण होऊन सांगत नाही, कारण बऱ्याचदा त्यालाच ते माहीत नसतं. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

फाटा म्हणजे कळमनुरी तालुक्यातला जोडरस्ता. नांदेडहून अर्धापूर मार्गे आलेला रस्ता इथे फुटतो, एक हिंगोलीकडे जातो, दुसरा उमरखेड, महागाव, यवतमाळ करत नागपूरकडे. चौपदरीकरण झालं, वर्दळ वाढली, तशी अशा ठिकाणी भाड्याची बांधकामंही वाढतात. पुढे गाळे, मागे खोल्या, वर पत्रे. भाडेकरूही फाट्यावरचेच: शाळेतले गुरुजी, आरोग्य खात्यातल्या सिस्टर, गॅरेजवाले, ढाब्यावरचे आचारी, रस्त्याच्या कामावर आलेले मजूर. अशा इमारतीतली वायरिंग एकदाच विचार करून केलेली नसते. आधी एका गाळ्याला मीटर येतं. त्याच मीटरवरून मागच्या खोलीला एक वायर जाते, तिथून पुढच्या खोलीला, मग बाथरूमला. चार-पाच वर्षांनी त्या एका वायरीवर दोन कूलर, एक फ्रिज, दोन मिक्सर, एक पाण्याची मोटार आणि हिवाळ्यात तीन हीटर रॉड चालू असतात. वायर मात्र पहिल्या दिवशीचीच.

एमसीबी आहे म्हणजे सगळं आहे, हा समज

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो मालक, भाडेकरू आणि कित्येक वायरमन या तिघांतही सापडतो. ‘आपल्याकडे एमसीबी बसवलीय, शॉक बसायची भीती नाही,’ असं सर्रास म्हटलं जातं. एमसीबी माणसासाठी नसते, ती वायरीसाठी असते. वायरीतून तिच्या कुवतीबाहेर वीज वाहू लागली किंवा शॉर्ट झालं, तर वायर जळू नये, आग लागू नये म्हणून ती पडते.

हिशेब सोपा आहे. घरात २३० व्होल्ट असतात. ओल्या अंगाच्या माणसाचा विजेला होणारा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर त्याच्या शरीरातून २३० मिलिअँपियर वाहतात. स्नायू आखडून हातातली वस्तू सोडता न येण्याची वेळ १० ते १६ मिलिअँपियरलाच येते. पन्नास-शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडण्याचा खरा धोका असतो. आता घरातली सगळ्यात लहान, दिव्यांची एमसीबी बघा. ती ६ अँपियरची, म्हणजे ६,००० मिलिअँपियरची. माणूस २३० वर मरतो आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही.

माणसासाठी जे उपकरण असतं त्याला आरसीसीबी म्हणतात. फाट्यावरच्या दुकानात ईएलसीबी म्हणून मागितलं तरी तेच पुढे येतं. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे ते सतत मोजत असतं. ३० मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठून तरी, बहुधा एखाद्याच्या अंगातून, जमिनीत चालली आहे असं समजून ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतं. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपियर ही मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतच आहे. आधी २०१० चे विनियम होते, आता २०२३ चे आहेत. दुकानात नुसतं ‘आरसीसीबी द्या’ म्हणू नका, ‘तीस एमएची द्या’ म्हणा. १०० आणि ३०० चीही मिळते आणि ती माणसाच्या कामाची नाही. चांगल्या कंपनीची दोन पोलची आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आसपास येते, म्हणजे फाट्यावरच्या एका खोलीच्या महिन्याभराच्या भाड्यापेक्षा फार जास्त नाही.

तिच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. लाईट चालू असताना ते दाबलं की आरसीसीबी खाडकन पडली पाहिजे. पडली नाही, तर ती शोभेची. महिन्यातून एकदा हे बटण दाबणं हे भाडेकरूचं काम, त्यासाठी वायरमन लागत नाही.

तिची एक मर्यादाही ठाऊक असावी. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीच्या हिशेबाने गेली तेवढी वीज परत आलेली असते. ती पडत नाही. उघड्या जोडांना ती पर्याय नव्हे.

आता मालकांना सांगायची गोष्ट. चार खोल्यांना मिळून एकच आरसीसीबी बसवू नका. एका खोलीतला कूलर गळका निघाला की चारही खोल्या अंधारात जातात, रात्री अकराला दार वाजतं, आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून ‘सारखी पडते, डायरेक्ट करून टाका’ असा निकाल लागतो. हे मराठवाड्यात गल्लोगल्ली झालेलं आहे. आरसीसीबी सारखी पडते याचा अर्थ तिच्यात दोष आहे असा क्वचितच असतो, बहुधा कुठेतरी वीज गळतेय आणि ती ते सांगतेय. प्रत्येक खोलीला वेगळी बसवली की कुणाचं उपकरण खराब हे आपोआप कळतं आणि भांडणही मिटतं.

अर्थिंग आणि आपली काळी माती

थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं छिद्र कशासाठी असतं, हे विचारलं तर पुष्कळ जण ‘अर्थिंगसाठी’ असं बरोबर सांगतात. त्या छिद्राच्या मागे वायर आहे का, हे विचारलं की गप्प होतात. जुन्या खोल्यांत बोर्ड उघडून बघितलं तर हिरवी वायर अनेकदा नसतेच. सॉकेट तीन छिद्रांचं, वायरी दोन. काही महाभाग याहून पुढे जातात. अर्थचं टोक सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून देतात. टेस्ट दिवा लावला तर तो पेटतो, सगळं ठीक वाटतं. पण ज्या दिवशी त्या खोलीचा न्यूट्रल कुठे तरी तुटेल, त्या दिवशी फ्रिजचा, कूलरचा, वॉशिंग मशीनचा सगळा पत्रा फेजवर असेल. हा प्रकार अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट. आणखी एक फाटक्या अकलेची युक्ती म्हणजे न्यूट्रल गेला की जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवे चालवणं. त्यात त्या सळईजवळून ओल्या पायाने जाणारं लेकरू धोक्यात येतं.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप किंवा पत्रा आणि तिथून प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपर्यंत आलेली अखंड वायर. पाइप अडीच मीटर खोल जायला हवा, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. आपल्या भागात इथे एक खास अडचण आहे. काळी माती ओली असताना वीज छान जिरवते. पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, आक्रसते आणि पाइपपासून सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग ऐन कूलरच्या दिवसांत निकामी झालेलं असतं. उपाय फुकटचा आहे: उन्हाळाभर आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात एक-दोन बादल्या पाणी. खड्डा कुठे आहे हे मालकाने भाडेकरूला दाखवायला हवं. पुष्कळ ठिकाणी त्याच्यावर फरशी बसलेली असते.

अर्थिंग चांगलं असलं तरी आरसीसीबी का लागते, असं कुणी विचारेल. समजा अर्थिंगचा रोध १० ओहम आहे, जो गावाकडे वाईट मानला जात नाही. कूलरच्या पत्र्याला फेज लागली तर २३ अँपियर जमिनीत जातील. सॉकेटची एमसीबी १६ अँपियरची असेल, तर २३ वर ती लगेच पडत नाही, बराच वेळ लावू शकते. तेवढा वेळ पत्रा जिवंत. आरसीसीबीला मात्र २३ अँपियर म्हणजे ढोल वाजवल्यासारखं आहे. उलट बाजूने, अर्थिंग नसताना आरसीसीबी असेल, तर ती कुणीतरी पत्र्याला हात लावल्यावरच पडते, माणूस वाचतो पण झटका खाऊन. दोन्ही असतील तर कूलर बिघडल्याच्या क्षणीच पुरवठा तुटतो, कुणी हात लावण्याआधी.

उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात पत्रे

आपल्याकडे शॉकने माणसं दगावण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला मार्च ते जून. लोखंडी बॉडीचा कूलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, दोन पिनची वायर, आणि पाणी भरायला अनवाणी आलेली घरची बाई किंवा शाळकरी पोर. यापेक्षा धोकादायक जोडणी घरात दुसरी नाही. कूलरला तीनपदरी वायर आणि थ्री-पिनच हवी. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढायची. कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता असते, आणि तसं असेल तर बटण बंद असतानाही आत फेज उभीच असते. कूलर खिडकीच्या लोखंडी जाळीला टेकवून ठेवला असेल तर बाहेरून जाळी धरून उभं राहणाऱ्या लेकरालाही झटका बसतो. जाळी आणि कूलर यांच्यात अंतर ठेवा, कूलर लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टँडवर घ्या.

कूलर भाडेकरूचा, म्हणून जबाबदारी त्याचीच, असं मालक म्हणतात. ते अर्धंच खरं. कूलरची वायर तुटकी असेल तर तो भाडेकरूचा दोष. सॉकेटला अर्थिंग नसेल तर तो मालकाचा. अपघात बहुतेक वेळा दोन्ही एकत्र आले की होतो.

दुसरा हंगाम पावसाळ्याचा. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवरून वाकून खाली मीटरकडे येते. वाऱ्याने ती घासते, वरचं आवरण झिजतं, आणि एका पावसाळी संध्याकाळी सगळे पत्रे, पत्र्याचे लोखंडी खांब आणि त्या खांबांना बांधलेली कपडे वाळत घालायची तार जिवंत होते. ओले कपडे टाकायला गेलेली बाई चिकटते, तिला सोडवायला गेलेला नवराही चिकटतो. अशी बातमी दर पावसाळ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या गावातून येतेच. उपाय तिन्ही सोपे आहेत. कपड्यांसाठी तारेऐवजी नायलॉनची दोरी. सर्व्हिस वायर पत्र्यावरून उचलून वेगळ्या पाइपवर, चिनीमातीच्या चिमणीवर घेणं. पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग.

मीटरपर्यंतची वायर आणि मीटर ही महावितरणची बाजू. तिथे मालकाने किंवा भाडेकरूने स्वतः हात घालायचा नाही. वायर घासतेय, खांबावर ठिणग्या दिसतायत, मीटरची पेटी तापतेय, तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मीटर मालकाच्या नावावर असलं म्हणून भाडेकरूने धोक्याची खबर देऊ नये, असं कुठेही नाही. जिवंत तार पडून माणूस मेला तर वीज कंपनीला ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ एवढं म्हणून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. मीटरच्या अलीकडचं सगळं मात्र घराचं.

भिंतींविषयी एक पोटप्रश्न. कळमनुरी आणि वसमत तालुक्यांनी गेल्या काही वर्षांत भूकंपाचे बरेच धक्के सोसलेत; १० जुलै २०२४ चा ४.५ तीव्रतेचा धक्का तर थेट कळमनुरी तालुक्यातला. अशा धक्क्यांनी पडलेल्या केसासारख्या भेगांतून पावसाचं पाणी भिंतीतल्या पाइपात उतरतं. भिंतीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर ‘ओल आहे, वाळली की थांबेल’ म्हणून सोडून देऊ नका. मेन बंद करा आणि मालकाला त्याच दिवशी कळवा.

कायदा काय सांगतो, आणि कुठे थांबतो

भाडेकरूला कायद्याचं नाव सांगितलं की तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ म्हणतो. तो चांगला आहे. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं, उलट करार नसेल तर, मालकावर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कलम २९ नुसार मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. पण हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो, आणि ती यादी मुख्यतः शहरांची आहे. नांदेडला खोली घेतली तेव्हा ऐकलेलं कलम फाट्यावरच्या ग्रामपंचायत हद्दीत चालेलच, असं धरून चालू नका.

तिथे मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०८ मधल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली: घरात वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा छुपा दोष असेल, मालकाला तो ठाऊक असेल आणि भाडेकरूला साध्या नजरेने कळणार नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. पावसाळ्यात मागची भिंत शॉक देते हे मालकाला माहीत आहे आणि तो उन्हाळ्यात खोली दाखवून गप्प बसतो, तर तो या कलमात सापडतो. करार लीव्ह अँड लायसन्सचा असला तरी सुटका नाही. त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्याचं कलम ५७ धोकादायक दोष उघड करायला सांगतंच.

दुसरी गोष्ट: जी दुरुस्ती करणं मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो. मेख ‘बंधनकारक आहे’ या दोन शब्दांत आहे. हा कायदा दुरुस्तीचं सरसकट ओझं मालकावर टाकत नाही, ते करारात लिहावं लागतं. फाट्यावर करारच नसतो, असला तर त्यात भाडं, डिपॉझिट आणि खोली सोडायची मुदत एवढंच. म्हणून खेड्यातल्या भाडेकरूला शहरातल्यापेक्षा कागदाची गरज जास्त आहे.

कुणाचं काम कुठलं, याचा एक तयार नमुना केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात आहे. तो महाराष्ट्रात कायदा म्हणून लागू नाही, पण वाटणी बघण्यासारखी आहे. घरातली आणि बाहेरची वायरिंग मालकाकडे. बटणं, सॉकेट, गीझर आणि सर्किट ब्रेकरची दुरुस्ती भाडेकरूकडे. शेवटच्या बाबीशी मी सहमत नाही. आरसीसीबी ही घराच्या दारासारखी घराचाच भाग आहे. सहा महिन्यांनी बदलून जाणारा भाडेकरू ती विकत आणून बसवणार नाही, आणि बसवलीच तर जाताना काढून नेईल. ती मालकानेच बसवावी, भाडेकरूने बटण दाबून तपासावी.

इंग्लंडने या बाबतीत २०२० साली सरळ नियम केला: भाड्याच्या घराची वायरिंग निदान पाच वर्षांतून एकदा जाणकाराकडून तपासायची आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी अहवालाची प्रत द्यायची. आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी कागद मागायला कुणी अडवत नाही. नवीन वीजजोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. मालकाकडे तो असायला हवा. नसेल, किंवा त्यानंतर मागे तीन खोल्या वाढल्या असतील, तर तो रिपोर्ट आजच्या घराचा नाही. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, असा सुरक्षा विनियमांचा दंडक आहे. ‘आपल्या ओळखीचा पोरगा’ कितीही हुशार असला तरी अपघातानंतर पंचनाम्यात त्याचं नाव मालकाला वाचवत नाही.

अपघात झालाच तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार त्याची माहिती विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि चौकशी होऊ शकते. मालकाचा निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. घरच्यांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी भरपाई मागता येते. मालकांनी हे धमकी म्हणून वाचू नये. दीड-दोन हजारांच्या वस्तूसमोर काय उभं आहे एवढंच बघावं.

मीटर वेगळं घ्या

एका मीटरवर चार बिऱ्हाडं, हे फाट्यावरचं नेहमीचं चित्र. त्यात सर्व्हिस वायरीवर भार जास्त येतो हा एक तोटा. दुसरा पैशाचा: घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिल्या शंभर युनिटना कमी, पुढे जास्त. चौघांचे युनिट एकत्र झाले की सगळेच वरच्या टप्प्यात जातात. म्हणजे धोकाही जास्त आणि बिलही जास्त.

‘मालक एनओसी देत नाही, म्हणून मीटर मिळत नाही,’ ही तक्रार जुनी आहे. विद्युत कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाबरोबरच ‘भोगवटादार’ हा शब्द आहे, म्हणजे प्रत्यक्ष राहणाराही जोडणीचा अर्ज करू शकतो. दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं, की वीज ही मूलभूत गरज आहे, मालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच वीज कंपनीने बघायचं. राहत असल्याचा पुरावा म्हणजे पुन्हा तोच लेखी करार.

करारात पुढचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला तरी चालेल:

‘खोलीतील भिंतीमधील व बाहेरील वायरिंग, अर्थिंग, मेन स्विच, एमसीबी व ३० मिलिअँपियरची आरसीसीबी सुस्थितीत ठेवणे व त्यांची दुरुस्ती करणे ही मालकाची जबाबदारी राहील. भाडेकरूने दोष लेखी अथवा मोबाइल संदेशाने कळविल्यापासून, जीवितास धोका असल्यास २४ तासांत व अन्यथा १५ दिवसांत मालक दुरुस्ती करतील. न केल्यास भाडेकरू परवानाधारक ठेकेदाराकडून ती करून घेऊन पावतीनुसार खर्च भाड्यातून वळता करू शकेल. भाडेकरू मालकाच्या संमतीशिवाय वायरिंगमध्ये बदल करणार नाही, आकडा टाकणार नाही, व स्वतःच्या उपकरणांची जबाबदारी घेईल.’

शेवटचं वाक्य मालकाच्या संरक्षणासाठी आहे आणि ते असलंच पाहिजे. फ्यूजला तांब्याची जाड तार गुंडाळणारे, एका सॉकेटमध्ये थ्री-वे खोचून त्यावर हीटर आणि इस्त्री दोन्ही चालवणारे, बॅटरीवरच्या स्कूटरला खिडकीतून पातळ एक्स्टेन्शन काढून रात्रभर चार्जिंग करणारे भाडेकरूच असतात. हीटर, गीझर, इस्त्री ही १६ अँपियरच्या मोठ्या सॉकेटची गिऱ्हाइकं. त्या सॉकेटला निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते, गीझर किंवा एसीला चारची. ते सॉकेट खोलीत नसेल तर खोली घेतानाच मागा.

दोष कळवताना तोंडी सांगून सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा, तारीख आपोआप राहते: ‘काका, बाथरूमच्या नळाला करंट लागतोय, आम्ही त्या खोलीची मेन बंद ठेवलीय, आज वायरमन पाठवा.’ एवढं पुरे. भांडणाची भाषा लागत नाही, नोंद लागते.

शॉक बसला तर काय, हे घरात प्रत्येकाला माहीत असायला हवं. आधी मेन बंद. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, कारण मेन पाडली तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतच राहतो. मेन हाती लागत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणूस वेगळा करा, हाताने ओढू नका. श्वास चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. मातीत पुरणं, तोंडावर पाणी मारणं यात वेळ घालवू नका. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते आणि आतलं भाजलेलं वरून दिसत नाही.

मालकांनी वायरिंग तपासून घ्यायची वेळ मे महिना. मृग लागला की सगळ्यांच्याच घरात वायरमनला बोलावणं असतं आणि तो मिळत नाही. भाडेकरूंनी डिपॉझिटचे पैसे हातात देण्याआधी मालकाला एवढंच म्हणावं: आरसीसीबीचं बटण एकदा माझ्यासमोर दाबून दाखवा.